बावीस संदेश, त्यांतले दोन लाल

माझ्या मुलाचं लग्न झालं त्या वर्षाची ही गोष्ट. ते लग्न दोनदा पुढे ढकलावं लागलं होतं. पहिल्या तारखेच्या आठ दिवस आधी मी धुलाईखान्याच्या ओल्या फरशीवर घसरले आणि माझा पाय प्लास्टरमध्ये गेला. दुसऱ्या तारखेला नवऱ्या मुलालाच गालगुंड झालं. "असा उभा राहिलास तर फोटोत दोन नवरे दिसतील," असं म्हणून माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ती तारीखही मोडीत काढली. तिसऱ्या खेपेला लग्न एकदाचं पार पडलं आणि सून घरात आली.

आमच्या घरात कोण काय करतं ते एका दमात सांगता यायचं. जाऊबाई आणि मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात. मुलगा दातांच्या कवळ्या बनवतो. सून काय करते, हे मात्र कुणाला धड सांगता येईना. ती खिडकीजवळच्या टेबलाशी कॉम्प्युटर उघडून बसायची आणि तासन्‌तास एकाच चौकोनाकडे बघत असायची. जाऊबाई वरच्या मजल्यावर राहायच्या, पण संध्याकाळचा चहा आमच्याकडे. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला आणि सुनेला समोर बसवलं.

"काय गं, तू नेमकं करतेस तरी काय?"

"मोठ्या आई, माणूस पडद्यावर काहीतरी काम करतो ना, तेव्हा ते झालं की नाही, चुकलं का, थांबायचं का, हे त्याला कळावं लागतं. त्याचे संदेश येतात. ते कसे दिसावेत ते मी ठरवते. रंग कुठला, अक्षर केवढं, कुठं यावं, किती वेळ थांबावं."

"आणि ते लिहितं कोण?"

"ते दुसरे लिहितात."

"म्हणजे डबा तू रंगवायचा, आत काय भरायचं ते दुसऱ्यांनी बघायचं."

सून हसली. "हो. अगदी तसंच."

"आणि याचा पगार देतात?"

"देतात."

"घ्या," जाऊबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आपण उगाच जन्मभर चादरी धुतल्या, धाकटे."

त्या दिवसापासून कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, सून डबे रंगवते. तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. उलट फोनवर ऑफिसातल्या कुणाशी बोलताना तीही म्हणायची, "डब्याचं मी बघते."

जाऊबाई धुलाईखान्यात सगळ्यांत जुन्या. माझे यजमान गेल्यावर मला तिथं चिकटवलं ते त्यांनीच. मळक्या कपड्यांच्या बाजूला त्या मुकादम होत्या आणि नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. माघारी सगळ्या जणी त्यांना 'इस्त्री' म्हणायच्या. ते त्यांना ठाऊक होतं. "म्हणा की," त्या म्हणायच्या, "इस्त्री फिरते म्हणून तर सरळ आहात."

जुन्या यंत्रांच्या काळात ओली चादर बाहेर निघाली की त्या ती मनगटाला टेकवायच्या आणि सांगायच्या, "पाणी तापलं नव्हतं. परत टाका." शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या चादरींना ठरल्याइतकं तापलेलं पाणी लागतंच, नाहीतर रोगी एका दुखण्याला आला आणि दुसरं घेऊन गेला असं व्हायचं. एकतीस वर्षांत त्यांचं मनगट चुकलेलं मी पाहिलं नाही.

मग नवी यंत्रं आली. ती भिंतीतच बसवलेली, दोन दारांची. या बाजूनं मळकं घालायचं, त्या बाजूनं धुतलेलं काढायचं. मळक्या बाजूच्या माणसानं धुतलेल्याला हात लावायचा नाही. नियम चांगला होता, पण जाऊबाईंचं मनगट भिंतीच्या अलीकडेच राहिलं. आता यंत्राला जे सांगायचं असेल ते भिंतीवरच्या पडद्यावर यायचं. एका वेळी यंत्रात घातलेल्या कपड्यांना आम्ही घाणा म्हणायचो. घाणा झाला की जाऊबाईंनी पडद्यावर 'पाठवा' दाबायचं, मग पलीकडच्या बायका दार उघडून कपडे काढून घ्यायच्या. पाणी तापलं नसेल तर 'पाठवा' न दाबता 'पुन्हा' दाबायचं. प्रत्येक यंत्राची ही दोन्ही बटणं शेजारी-शेजारी, कायमची. कुठलं दाबायचं, ते संदेशावरून कळायचं.

ते संदेश नेमके आमच्या सुनेच्या कंपनीचे निघाले. तिला ते कळलं त्या दिवशी ती पोरीसारखी नाचली. "आई, माझे डबे तुमच्या भिंतीवर!"

आता एक मागची गोष्ट सांगायला हवी. या सगळ्याच्या बारा वर्षं आधी धुलाईखान्याच्या जेवणघरात दुपारचा साक्षरतेचा वर्ग निघाला होता. मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि मला माझं नाव लिहिता येत नव्हतं. मी बसले. जाऊबाईही बसल्या, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना फळ्यावरचा शब्द मोठ्यानं वाचायला सांगितला. जाऊबाई ओठ हलवत एकेक अक्षर जुळवत होत्या, तेवढ्यात मागं कुणीतरी फिसकन हसलं. जाऊबाई उठल्या. "माझं बॉयलर उघडं राहिलंय," म्हणाल्या, आणि गेल्या त्या गेल्या. पुढे कुणी वर्गाचं विचारलं की म्हणायच्या, "मला येतं की सगळं. मी हिला सोबत म्हणून गेले होते." मला ते खोटं आहे हे माहीत होतं. पण ज्या बाईनं आपल्या ताटात पोळी वाढली तिचं झाकण आपण उघडायचं नसतं. ते मी झाकून ठेवलं.

सुनेच्या पहिल्या संदेशाचं असं झालं: पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक पट्टी अलगद वर यायची, चार सेकंद थांबायची आणि विरघळून जायची. दिसायला फार देखणी. खाली सावली, कोपरे गोल. पण मी पहिला शब्द जुळवेपर्यंत ती निघून गेलेली असायची. पहिल्याच महिन्यात न तापलेल्या पाण्याचा एक घाणा पलीकडे गेला. प्रत्येक घाण्यात एक कागदी पट्टी ठेवतात, पाणी पुरेसं तापलं की ती काळी पडते. त्या घाण्यातली पट्टी पांढरी निघाली. पुढं पॅकिंगच्या खोलीत ते लक्षात आलं आणि सगळ्या चादरी परत आल्या.

धुलाईखान्याच्या साहेबांनी कंपनीला कळवलं, संदेश दिसत नाहीत. सुनेनं चूक कबूल केली आणि दुसरा डबा पाठवला. हा पडद्याच्या मधोमध यायचा, पुस्तकाएवढा, लालभडक. खाली बटण: 'वाचलं'. ते दाबल्याशिवाय पुढचं काही हलायचं नाही. आता तरी दिसेलच, असं सगळ्यांना वाटलं. दिसायचाच. आणि दोन आठवड्यांत असे आणखी दोन घाणे पलीकडे गेले.

साहेबांनी जाऊबाईंना सगळ्यांसमोर नाही, पण दार उघडं ठेवून बोलावलं. मी बाहेर गाठोडी मोजत होते.

"मावशी, पडदा सांगत होता. संदेश आला, तुम्ही 'वाचलं' दाबलंत. त्याची वेळ लिहून येते. एक सेकंद! एका सेकंदात वाचलंत?"

"मला वाचायला किती वेळ लागतो ते तुम्ही कशाला मोजता?"

"मला नाही मोजायचं हो. यंत्रच मोजतं. आता एक जरी घाणा असा गेला, तर मला तुम्हाला घरी पाठवावं लागेल. आणि शेऱ्यात 'निष्काळजी' असं लिहावं लागेल. माझा नाइलाज आहे."

जाऊबाईंच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी एकाही पोरीला टोमणा मारला नाही, त्यावरून मला समजलं. एकतीस वर्षं जिनं कुणाच्या अंगाला न तापलेली चादर लागू दिली नाही, तिच्या नावापुढं तो शब्द लागणार होता.

घरी मी सुनेला झालेलं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "माझा डबा एवढा मोठा आहे," ती म्हणाली, "आणि तरी वाचला जात नाही. मग दोष मोठ्या आईंचा नाही, डब्याचा आहे." दुसऱ्या दिवशी रजा काढून ती धुलाईखान्यात आली. साहेब म्हणाले, खुर्ची देतो. तिनं खुर्ची नको म्हटलं, एप्रन मागितला.

दोन दिवस ती मळक्या बाजूला आमच्याबरोबर उभी राहिली. गाठोडी सोडली, रक्ताळलेल्या चादरी वेगळ्या केल्या, नाक मुरडलं नाही. तिसऱ्या गाठोड्यानंतर जाऊबाई म्हणाल्या, "हात चालतो पोरीचा. डबे रंगवून वाया जाणार." पण काम करता करता तिचे डोळे पडद्यावर असायचे. एप्रनच्या खिशात छोटी वही होती आणि ती त्यात रेघा मारायची. साबण कमी झाला, संदेश. जाळी साफ करा, संदेश. दार नीट लागलं नाही, संदेश. पाळी बदलली, संदेश. सगळे लाल, सगळे मधोमध, सगळ्यांना 'वाचलं'चं बटण. आणि डबा आला की मागं ढकलगाड्या घेऊन पाच-सहा जणी खोळंबायच्या आणि पडद्यासमोरच्या बाईच्या पाठीकडं बघत राहायच्या. जाऊबाई जेवायला गेल्या की पडदा माझ्याकडं असायचा. मीही तेच करायचे. टक. गेला.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर, चहा टाकता टाकता ती म्हणाली, "आई, एक विचारू? परवा माझ्या ऑफिसचं पत्र तुम्ही अख्खं वाचलंत. पण तिकडं डबा आला की तुम्हीसुद्धा एका सेकंदात घालवता. का?"

मी काय सांगणार? जाऊबाईंचं सांगायचं नव्हतं. म्हणून मी माझंच सांगितलं. मुलाच्या शाळेत पहिल्यांदा कागद हातात दिला तेव्हा मी काय केलं ते सांगितलं. शिकलेली माणसं कागदाकडं जितका वेळ बघतात असं मला वाटायचं, तितका वेळ बघितलं, मान हलवली, घडी घातली. दवाखान्यात तेच, बँकेत तेच. चव्वेचाळीस वर्षं. समोर लिहिलेलं आलं आणि कुणी बघत असलं की ते लवकरात लवकर दूर सारायचं. "मग वाचायला येऊ लागलं तरी हात तसाच राहिला गं," मी म्हटलं. "घरात टेबलाशी मी वाचते. पण मागं सहा जणी उभ्या असल्या की हात आधी पळतो. अडाणी दिसण्यापेक्षा माणूस चूक पत्करतो."

तिनं गॅस बंद केला. मग हळू आवाजात एकच विचारलं, "वाचताना ओठ हलतात का?"

"हलतात."

"तुमचे नाही हलत. मी बघितलंय."

मी कपात साखर घालू लागले. कुणाचे हलतात हे तिनं मला तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. माझी सून मला पहिल्यांदा खरी आवडली ती त्या दिवशी.

मग म्हणाली, "म्हणजे बघा, माझा डबा मधोमध येऊन सगळ्यांचं काम अडवतो. सगळ्यांना वाचणाऱ्याकडं बघायला लावतो. आणि वर मीच तिला पळून जायला बटण दिलंय." तिनं कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण!"

पुढचे दहा दिवस आमचं जेवायचं टेबल म्हणजे तिचं दुकान झालं. तिनं वहीतल्या रेघा मांडल्या. संदेश होते बावीस तऱ्हेचे. "यातला कुठला आला तर हातातलं सगळं टाकून धावावं लागतं?" असं तिनं मला एकेकाचं विचारलं. साबण कमी झाला तर? नाही, तासाभरात भरला तरी चालतो. जाळी? पाळी संपेपर्यंत. असं करत करत दोन उरले: पाणी तापलं नाही, आणि दार नीट न लागता यंत्र सुरू झालं. "बावीसांतले दोन लाल," ती म्हणाली. "बाकीच्यांना मी उगाच ओरडायला शिकवलं होतं. सगळेच ओरडतात तिथं कोण कुणाचं ऐकणार?" बाकीच्यांना तिनं शांत रंग दिले. करायचं पण घाई नाही, ते पिवळे. नुसतं कळवायचं, ते राखाडी. झालं ते हिरवं, आणि हिरवंसुद्धा इतकं फिकं की बघितलं नाही तरी चालेल.

मला समोर बसवून ती वाचायला लावायची आणि मोबाइलवर वेळ लावायची. मला लाज वाटायची आधी. मग ती म्हणाली, "आई, तुम्ही परीक्षा देत नाही आहात. परीक्षा डब्याची आहे. तुम्ही मास्तर." मग मी ऐटीत वाचू लागले. एका डब्यात मी 'दार उघडे' ऐवजी 'दार उघड' वाचलं. तिनं वाकून बघितलं, तर डब्याच्या वरच्या कडेनं मात्रा कापली होती. वेलांट्याही अर्ध्याच दिसत होत्या. ती चकित झाली. "ऑफिसात बारा जणांनी हे पाहिलंय. एकालाही दिसलं नाही. कारण ते वाचतच नाहीत, नुसतं ओळखतात." तिनं ओळीला वर-खाली हवा ठेवली. अक्षर मोठं केलं, पण जाड केलं नाही. जाड अक्षरात जोडाक्षरांची पोटं बुजतात, हे मी तिला दाखवलं. ही गोष्ट मी सांगितली होती, असं मी अजून सांगते.

आतले शब्द तिच्या अखत्यारीत नव्हते. लिहिणाऱ्यांकडं जाऊन तिनं हट्ट धरला. आधी डब्यात होतं, 'उष्णता अपुरी आढळली आहे. कृपया योग्य ती कार्यवाही करावी.' मला ते वाचायला सतरा सेकंद लागले आणि वाचून झाल्यावर काय करायचं ते कळलं नाहीच. आता वर मोठ्या अक्षरांत 'परत धुवा' आणि खाली थोड्या लहान अक्षरांत 'पाणी तापलं नाही'. चार सेकंद.

पहिली देखणी पट्टी, जिच्यावर तिनं तीन आठवडे घालवले होते, ती तिनं माझ्यादेखत पुसून टाकली. मला वाईट वाटलं. "किती सुंदर होती गं."

"सुंदर होती," ती म्हणाली. "पण तिच्याकडं बघत राहावंसं वाटायचं. तिच्यातलं वाचावंसं वाटायचं नाही." आणि पुढच्या कामाला लागली. मी चांगल्या चांगल्या कारागिरांना आपल्या हातचं एक ठिगळ सोडवत नाही असं पाहिलंय. हिनं अख्खं वस्त्र फाडलं आणि हुं केलं नाही.

नवा डबा मधोमध येत नव्हताच. पडद्यावर सहा यंत्रांच्या सहा ओळी होत्या. ज्या यंत्राचं काही बिघडलं त्याच्याच ओळीत, त्याच्या आकड्याला लागून तो उघडायचा. डाव्या कडेला जाड लाल रेघ, आत पांढरं, त्यावर काळी अक्षरं. लालावर पांढरी अक्षरं वाफेच्या खोलीत डोळ्यांना नाचतात, म्हणून. कुणाचं काम अडवायचा नाही. सरकायचा नाही, लुकलुकायचा नाही, विरघळायचा नाही. आणि त्याला बटणच नव्हतं. यंत्र पुन्हा सुरू केलं की तो आपोआप जायचा.

साहेब तो बघायला आले. त्यांचं नेहमीचं उंटावरून शेळ्या हाकणं. खाली मजल्यावर ते फारसे यायचे नाहीत, त्यामुळं वाफेनं त्यांचा चष्मा लगेच धुकटला.

"हा तर आधीपेक्षा लहान आहे! मला आणखी मोठा हवा होता. आणि भोंगा."

"साहेब," सून म्हणाली, "भोंगा वाजला की माणूस आधी भोंगा बंद करतो."

"आणि 'वाचलं'चं बटण काढलंत? मग वाचलं याचा पुरावा काय?"

"यंत्र परत सुरू झालं, हाच पुरावा. बटण दाबल्यानं फक्त बटण दाबलं एवढंच कळत होतं. तीन घाणे गेले ना त्या पुराव्यावर."

साहेबांनी चष्मा पुसला. "पंधरा दिवस बघू. पण एक घाणा गेला तर तुमचा डबा बंद आणि मावशींचा निर्णय मला घ्यावाच लागेल."

जाऊबाई गाठोड्यापाशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. "माझं गाडं पोरीच्या डब्याला जुंपलंत होय," एवढंच म्हणाल्या आणि चादरी सोडायला लागल्या. मला मात्र वेगळीच काळजी होती. डबा कितीही चांगला असला तरी जिला अक्षरच येत नाही तिला तो काय सांगणार? लाल दोनच होते हे खरं, पण दोन होते. एकाला 'पुन्हा' दाबायचं, दुसऱ्याला दार उघडून परत लावायचं. सुनेला खरं सांगावं असं मला रोज वाटायचं आणि रोज मी तोंड मिटायचे.

नवव्या दिवशी इस्पितळाच्या मेट्रन तपासणीला आल्या. साहेब त्यांना सगळीकडं फिरवत मळक्या बाजूला घेऊन आले. पडद्यासमोर जाऊबाई. मागं साहेब, मेट्रन, ढकलगाड्या धरून पाच जणी, आणि मी. शस्त्रक्रियेच्या चादरींचा घाणा तीन नंबरात होता. तो संपल्याची घंटी वाजली. तीनच्या ओळीत लाल रेघ उघडली.

साहेबांनी ती पाहिली. मीही पाहिली. वाचलीही. जाऊबाईंचा उजवा हात सवयीनं वर गेला. मला वाटलं, गेला घाणा.

हात हवेत थांबला. जिथं 'वाचलं' दाबायचं तिथं आता काही नव्हतं. डबा कुठं जात नव्हता आणि कुणाला अडवतही नव्हता. चार नंबरचं काम संपलं होतं, तिथली बाई वाकून शेजारून 'पाठवा' दाबून गेली आणि कुणी जाऊबाईंकडं बघत बसलं नाही. मेट्रन साहेबांना बॉयलरचं काहीतरी विचारू लागल्या. जाऊबाईंनी हात खाली घेतला, एप्रनला पुसला. आणि मग, मी बाजूला उभी होते म्हणून मला दिसलं, त्यांचे ओठ हलू लागले. एक अक्षर. मग दुसरं. त्या कुठं अडल्या, मागं आल्या, परत पुढं गेल्या. मी मनात मोजत होते. अकरा सेकंद.

"तीन नंबर परत धुवा," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पाणी तापलं नाही." आणि त्यांनी 'पुन्हा' दाबलं.

यंत्र घुरघुरलं. लाल रेघ गेली. मेट्रननी वळून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, बाई," जाऊबाई म्हणाल्या. "रोजचंच."

बारा वर्षं मी एक गुपित सांभाळलं होतं आणि ते गुपितच चुकीचं होतं. जेवणाच्या सुटीत मी त्यांना गाठलं. "जाऊबाई, तुम्हाला वाचता येतं?"

"म्हणजे? मी सांगत नव्हते का, येतं म्हणून?"

"पण वर्गातून तर तुम्ही तिसऱ्या दिवशीच..."

"यंत्रांवर पाट्या असतात, धाकटे. साबणाच्या पिंपांवर असतात. दारांवर असतात. बारा वर्षं रोज थोडं थोडं. हळू येतं. पण येतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस?" त्या म्हणाल्या आणि डबा उघडून जेवायला लागल्या.

त्या संध्याकाळी चहाला त्या खाली आल्या. सून टेबलाशी बसली होती. तिला दिवसाची हकीकत मी आधीच सांगितली होती, अकरा सेकंदांचं सोडून. जाऊबाईंनी बशीत चहा ओतला.

"काय गं, तुझ्या त्या डब्यात एवढी थोराड अक्षरं कुणासाठी काढलीस? आंधळ्यांसाठी?"

सुनेनं माझ्याकडं बघितलंही नाही. "नाही, मोठ्या आई. आईंना लहान वाचता येत नाहीत ना, म्हणून."

"हं. हिला लागतातच मोठी," जाऊबाई म्हणाल्या. मी मान खाली घालून, हो, लागतात, म्हटलं. थोड्या वेळानं त्या कपबशी उचलून विसळायला गेल्या आणि तिकडूनच म्हणाल्या, "डबा बरा रंगवलायस. थांबतो. माणसाचं होईपर्यंत थांबतो." त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी तरी आयुष्यात दुसऱ्या कुणाची ऐकली नाही.

उरलेल्या तीन महिन्यांत न तापलेला एकही घाणा पलीकडं गेला नाही. मागच्या तीन घाण्यांचा दोष संदेशांच्या मांडणीत होता, असं साहेबांनी स्वतःहून लेखी दिलं. खाली सही करायच्या आधी जाऊबाईंनी तो कागद साहेबांच्या समोर, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्याला बराच वेळ लागला. साहेब उभे होते. त्या ठरलेल्या तारखेला, वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या. शेऱ्यात 'उत्तम' आहे.

जाऊबाई त्यानंतर नऊ वर्षांनी, सतरा जानेवारीला, दुपारी जेवण करून पडल्या होत्या, तेव्हा झोपेत गेल्या. त्या एकोणसत्तर वर्षांच्या होत्या.